छोट्या प्रवाळ-टाकीचं पाणी स्थिर कसं ठेवायचं

टाकी साठ लिटरची असं आपण म्हणतो, पण दगड आणि वाळू आत गेली की पाणी उरतं पन्नास लिटरच्या आसपास. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढची प्रत्येक मात्रा त्यावरच काढायची आहे. या लेखातले हिशेब मी ५० लिटर पाणी धरून केले आहेत. तुमच्याकडे शंभर असेल तर दुप्पट करा, पंचवीस असेल तर निम्मे.

छोटी टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. ती स्वस्त असते, टेबलावर मावते, एवढंच. पाचशे लिटरमध्ये चमचाभर काही जास्त पडलं तर कळतही नाही. पन्नास लिटरमध्ये तीच चूक दहापट मोठी होते. प्रवाळ ज्या समुद्रातून आलं तिथला खारटपणा वर्षानुवर्षं जवळजवळ हलत नाही. त्यामुळे अमुक आकडा गाठायच्या मागे लागण्याआधी असलेला आकडा हलू न देणं शिका. अल्कलिनिटी (पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) महिनोन्महिने ८ वर असलेली टाकी छान चालते, ९ वर असलेलीही चालते. सोमवारी ७ आणि गुरुवारी १० असेल, तर सगळे आकडे पुस्तकी मर्यादेत असूनही प्रवाळ मिटून बसतं.

टाकी नुकतीच भरली असेल तर हे सगळं नंतर. आधी जिवाणू तयार होऊ द्या. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारी साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया शून्यावर येऊन तिथेच राहिला की मगच पहिला फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा कापलेला छोटा तुकडा, आणा. तोही टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचा घ्या, आणि आपल्याकडे कोणती जात पाळायला कायद्याने परवानगी आहे हे आधी विचारून घ्या.

पायरी १: पाणी कोणतं वापरायचं

नळाचं पाणी नको. त्यात क्लोरीन असतं, बऱ्याचदा फॉस्फेट आणि सिलिकेट असतं, आणि तांब्याच्या पाइपातून येत असेल तर तांबंही. तांबं माशांना थोडंफार सोसतं, प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना अजिबात नाही. लागतं ते आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे) अशा दोन्हींतून गेलेलं, म्हणजे आरओडीआय पाणी. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते शून्य दाखवायला हवं. शून्याचं एक-दोन झालं की रेझिन संपत आलं म्हणून समजा.

पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. त्यात थोडे क्षार उरतात, कधी चवीसाठी मुद्दाम परतही मिसळलेले असतात. सॉफ्ट कोरलवर, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांवर, काही महिने निघतील, मग काचेवर आणि दगडांवर शेवाळ चढायला लागेल आणि कारण सापडणार नाही.

मीठ कालवताना क्रम पाळा. बादलीत आधी पाणी, त्यात छोटा पंप सोडायचा आणि मग मीठ थोडं थोडं घालायचं. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं तर तळाशी इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथल्या तिथे एकमेकांना धरून पांढरा साका बसतो. तो मग कितीही ढवळा, विरघळत नाही. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मीठ लागतं. नक्की किती ते पिशवीवर असतं आणि शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाचा. पाणी काचेसारखं नितळ होईपर्यंत काही तास फिरू द्या. पिशवी घट्ट बंद ठेवा आणि वापरण्यापूर्वी आडवी करून दोन-चारदा लोळवा, कारण बारीक आणि जड कण वेगवेगळे बसतात. वरचं मीठ आणि तळाचं मीठ अगदी एकसारखं नसतं.

पायरी २: खारटपणा

लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना १.०२६ विशिष्ट गुरुत्व. मापायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका. आपल्याला ३५ मापायचं आहे, तेव्हा ३५ पीपीटीच्याच तयार द्रावणावर जुळवा. शून्यावर बरोबर असलेलं उपकरण पस्तिशीला दोन-तीन अंकांनी चुकलेलं मी पाहिलं आहे. काचेवर दोन थेंब टाका, झाकण हळू खाली आणा, बुडबुडा अडकला तर पुसून पुन्हा करा. अर्धा मिनिट थांबा म्हणजे थेंब उपकरणाच्या तापमानाला येईल, मग उजेडाकडे धरा. निळा आणि पांढरा जिथे मिळतो ती रेघ वाचायची. झाल्यावर गोड्या पाण्याने पुसा, नाहीतर मिठाची खपली धरते.

आता खरा शत्रू, बाष्पीभवन. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ५० लिटरमधून रोज एक लिटर उडत असेल आणि तुम्ही तीन दिवस लक्ष दिलं नाही, तर ३५ चे जवळजवळ ३७ होतात. मग एकदम तीन लिटर गोडं पाणी ओतलं की पुन्हा ३५. आकडा ‘बरोबर’ आला, पण प्रवाळाला तीन दिवसांत दोन झटके बसले.

म्हणून काचेवर मार्करने एक रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत आरओडीआय पाणी भरा. भरायचं ते गोडं. खारं पाणी घातलंत तर खारटपणा चढतच जाईल. मागे कप्पे असलेल्या टाकीत पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात उतरते, समोरच्या काचेत काहीच दिसत नाही. तेव्हा रेघ त्या कप्प्यावर हवी.

आपोआप पाणी भरणारं यंत्र, म्हणजे एटीओ, ही छोट्या टाकीसाठी माझ्या मते महागड्या दिव्यापेक्षा आधी घ्यायची वस्तू. पण त्याची साठवणीची टाकी मुद्दाम छोटी ठेवा. तरंगता स्विच कधीतरी गोगलगायीमुळे अडकतो आणि सगळं पाणी आत येतं. पाच लिटर आलं तर खारटपणा ३२ च्या आसपास उतरेल. वाईट आहे, पण निभावेल. वीस लिटर आलं तर २५ वर, आणि वर जमीनही ओली.

खारटपणा चुकलेलाच सापडला तर दिवसाला एका अंकापेक्षा जास्त हलवू नका. वाढवायचा असेल तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस खारं पाणी भरा. कमी करायचा असेल तर थोडं टाकीतलं पाणी काढून तेवढं गोडं घाला.

तापमानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २५ ते २६ अंश, दिवसरात्रीत एखाद्या अंशाचा फरक चालतो. हीटरच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर लावा.

पायरी ३: अल्कलिनिटी

इथे थोडं थांबू, कारण नवे लोक सर्वांत जास्त इथेच घसरतात.

दगडी प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम पाण्यातून येतं आणि कार्बोनेटचा भाग येतो तो आपण अल्कलिनिटी म्हणून मोजतो त्या साठ्यातून. समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते, टाकीत ७.५ ते ९ ठेवतात. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग.

दोघांचा खर्च ठरलेल्या प्रमाणात होतो: २.८ डीकेएच खर्च झालं की कॅल्शियम २० पीपीएम जातं. आता हे टाकीत लावून बघा. अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर आली, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त साठा गेला. त्याच वेळी कॅल्शियम ४२० चं ४०० झालं. चाचणीच्या किटवर तो फरक जेमतेम कळेल. म्हणून रोज-आठवड्याला मोजायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम पंधरा दिवसांनी मोजलं तरी पुरतं.

चाचणी थेंबांची असते. ठरलेलं पाणी बाटलीत घ्यायचं, रंगाचे थेंब टाकायचे, मग सिरिंजने दुसरं द्रव थेंबाथेंबाने सोडत बाटली हलवत राहायची. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला रंग क्षणभर बदलतो आणि हलवल्यावर परत जातो. इथून पुढे अगदी सावकाश. रंग बदलून टिकला तो शेवटचा थेंब. बाटलीमागे पांढरा कागद धरा आणि रोज त्याच दिव्याखाली बघा. सिरिंजच्या दट्ट्याची कोणती कड वाचायची ते किटच्या कागदावर दिलेलं असतं.

पहिलं काम, टाकी दिवसाला किती खाते ते शोधणं. एक आठवडा कोणतीही मात्रा घालू नका, पाणीही बदलू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार, एकाच वेळी मोजा. समजा ८.४, ८.० आणि ७.६ आले. म्हणजे खप दिवसाला ०.२ डीकेएच. फक्त मश्रूम, झोअँथिड, लेदर अशी सॉफ्ट कोरल असतील तर खप इतका नगण्य असतो की नुसत्या पाणी बदलण्याने भागतं.

पाणी बदलण्याने सगळंच भरून निघतं असं मात्र नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, टाकीत ७ आणि नव्या पाण्यात ८.५ असेल, तर वाढ होते फक्त ०.१५. वरच्या टाकीचा आठवड्याचा खप १.४ आहे. तूट कुठून भरणार? तिथे रोजची मात्रा लागतेच.

तयार दोन-भागी द्रावणं (एका बाटलीत अल्कलिनिटी, दुसरीत कॅल्शियम) मिळतात, नव्या माणसाने तीच घ्यावीत. स्वतः करायचं असेल तर हिशेब सोपा आहे. ५० लिटर पाण्यात १.५ ग्रॅम शुद्ध सोडियम बायकार्बोनेट घातलं की १ डीकेएच वाढतं. ६० ग्रॅम आरओडीआय पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर करा. त्यातले ५ मिलिलिटर म्हणजे ०.२ डीकेएच, वरच्या टाकीचा एका दिवसाचा खप. खायचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नाही. तिच्यात इतर पदार्थ असतात. कॅल्शियमच्या बाजूला ५२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटचं एक लिटर द्रावण केलं तर त्याचेही ५ मिलिलिटरच लागतात, म्हणजे दोन्ही सारखं मोजता येतं. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा. मात्रा नेहमी पंपाच्या जोरदार प्रवाहात सोडा, आणि दोन्ही कधीही पाठोपाठ एकाच जागी ओतू नका. पांढरा ढग उठला म्हणजे पैसे आणि अल्कलिनिटी दोन्ही साक्यात गेलं. मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मी तर एक सकाळी घालतो आणि एक संध्याकाळी.

आकडा खाली सापडला तर एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वर नेऊ नका. हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. एका रात्री अकराच्या सुमाराला चाचणी केली, ६.२ आलं. छातीत धस्स झालं. लगेच हिशेब करून ८.५ वर नेण्याएवढं सगळं द्रावण एका दमात ओतलं आणि समाधानाने झोपलो. सकाळी टॉर्च कोरल या दगडी प्रवाळाचे सगळे हात आत. चौथ्या दिवशी कडेची कातडी सुटून पांढरा सांगाडा दिसू लागला. तेव्हा कुठे किटची बाटली उलटी करून मुदत पाहिली: केव्हाच संपली होती. नव्या किटने १०.४ दाखवलं. ओतलेली वाढ वजा केली तर त्या रात्री अल्कलिनिटी आठच्या आसपास, अगदी ठणठणीत होती. तेव्हापासून विचित्र आकडा आला की मी पुन्हा मोजतो, मग दुसऱ्या किटने मोजतो, आणि तरीही औषध दुसऱ्या दिवशी.

मॅग्नेशियम १२५० ते १४०० च्या मध्ये असलं की विषय संपला, महिन्यातून एकदा बघा. ते पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटला एकमेकांना चटकन धरू देत नाही. मात्रा घालूनही आकडे चढत नसतील आणि हीटरवर, पंपावर पांढरी खपली जमत असेल, तर मात्र आधी मॅग्नेशियम तपासा.

पायरी ४: पीएचच्या नादी लागू नका

टाकीचा पीएच दिवसभर हलतो. दिवे लागले की प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड खर्च होतो आणि पीएच चढतो, रात्री उतरतो. ७.८ ते ८.३ मधली ये-जा स्वाभाविक आहे. बंद खोलीत माणसं बसली असतील तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि पीएच खालीच राहतो. अशा वेळी ‘पीएच वाढवणारं’ द्रावण ओतणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पीएच तासाभरासाठी चढतो, पुन्हा उतरतो, आणि तुम्ही पुन्हा ओतता. तोवर अल्कलिनिटी मात्र गुपचूप ११-१२ वर पोचलेली असते. खिडकी उघडा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. शंका असेल तर दारं-खिडक्या उघड्या ठेवून दोन तासांनी पुन्हा मोजा.

पायरी ५: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य नकोत

गोड्या पाण्याच्या टाकीतून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. प्रवाळ आणि त्याच्या आत राहणारी सूक्ष्म शैवालं यांना हे दोन्ही थोडे लागतातच. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, एवढ्यात असू द्या. दोन्ही शून्यावर गेले की प्रवाळाचे रंग फिके पडतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला, शेंबडासारखा थर येतो. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव असू शकतात, आणि नवी टाकी सोडून देणाऱ्यांना विचाराल तर बरेच जण त्यांच्याच नावाने बोटं मोडतील. शिवाय अन्नद्रव्यं कमी आणि अल्कलिनिटी चढी, अशी जोडी असेल तर फांद्यांची टोकं जळाल्यासारखी पांढरी होतात. म्हणून पाणी अगदी ‘स्वच्छ’ असलेल्या टाकीत अल्कलिनिटी ७.५ ते ८ अशीच ठेवा.

फॉस्फेटची चाचणी घेताना एकक बघा. काही उपकरणं फॉस्फरस दाखवतात. त्याचं फॉस्फेट करायला ३.०७ ने गुणायचं. हे न कळल्याने तिप्पट चूक झालेली पुष्कळदा दिसते.

आकडे चढले असतील तर आधी खाणं कमी करा, गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन त्याचं पाणी टाकून द्या, मागच्या कप्प्यातला गाळ उपसा. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे शेवटी, आणि सांगितलेल्या मात्रेच्या चतुर्थांशापासून. दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात, त्यामुळे दोन दिवस उतरलेला आकडा परत चढला तर गोंधळू नका.

पायरी ६: पाणी बदलण्याचा दिवस

आठवड्यातून एक वार ठरवा. पाच लिटर खारं पाणी आदल्या रात्री कालवून ठेवा. सकाळी त्याचा खारटपणा आणि तापमान टाकीशी जुळवा. जुळत नसेल तर थांबा, आजचं काम उद्या केल्याने काही बिघडत नाही. हीटर आधी बंद करा, कारण तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. मग पंप बंद, नळीने वाळूचा एक कोपरा आणि दगडांमागची घाण ओढत पाच लिटर काढा, नवं पाणी सावकाश भरा, सगळं परत चालू. शेवटची नजर रेघेवर.

मीठ एकाच प्रकारचं ठेवा. काही मिठांत अल्कलिनिटी ७-८ येते, काहींत ११-१२. आपल्या टाकीच्या आकड्याच्या जवळचं निवडा आणि सवलत दिसली म्हणून बदलू नका.

मोजमाप वहीत लिहा. तारीख, वेळ, खारटपणा, अल्कलिनिटी, घातलेली मात्रा, आणि एक ओळ डोळ्यांना काय दिसलं त्याची: ‘हॅमर कोरल नीट फुललेलं नाही’, ‘काच दोन दिवसांत हिरवी’. नवे फ्रॅग आले, दिवा वाढवला, दगडांवर कोरलाइन (कॅल्शियम खाणारं जांभळं, कडक शैवाल) पसरली, की खप वाढतो. ०.२ चे ०.३ होतात आणि जुन्या मात्रेवर अल्कलिनिटी आठवड्याला ०.७ घसरू लागते. वहीत ती उतरंड दुसऱ्याच आठवड्यात दिसते. वही नसेल तर प्रवाळ सांगेपर्यंत दिसत नाही.

आकडे स्थिर असूनही एखादं प्रवाळ रुसलं असेल तर पाण्याचा पिच्छा सोडा. प्रवाह थेट अंगावर येतोय का, शेजारच्याचे दंशाचे धागे रात्री पोचतायत का, दिवा नुकताच बदलला का, हे बघा. माशांचं तांबंयुक्त औषध या टाकीत कधीही घालायचं नाही. आजारी मासा वेगळ्या भांड्यात.

चार-पाच दिवस बाहेरगावी जायचं असेल तर घर सांभाळणाऱ्याला रसायनशास्त्र शिकवू नका. माशांचं खाणं दिवसागणिक पुड्या बांधून ठेवा आणि डबा लपवा. एटीओची साठवण भरा, रेघ दाखवा, गोड्या पाण्याची बाटली वेगळी काढून तिच्यावर ‘फक्त हेच, फक्त रेघेपर्यंत’ असं लिहा. रोजची मात्रा यंत्राने जात नसेल तर ती त्यांच्याकडून घालून घेऊ नका: दिवसाला ०.२ प्रमाणे पाच दिवसांत अल्कलिनिटी एक डीकेएच उतरेल, आणि तुम्ही परत आल्यावर ती दोन-तीन दिवसांत सावकाश वर आणता येते. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र टाकीत नवं काहीही करू नका, अगदी पाणीसुद्धा बदलू नका. बदलायचं तर दोन-तीन दिवस आधी, म्हणजे काही बिनसलं तर दिसायला तुम्ही घरी असाल.